जळून गेलेल्या टोकांचा हिशेब



अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना ‘आयुष्य भट्टीपुढे घालवलेला माणूस’ असं म्हटलं. ते अर्धंच खरं आहे. माझी निम्मी नोकरी भट्टीपुढे गेली आणि निम्मी फायलींपुढे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथं जमतो त्या आमच्या सरांना ही वाटणी मुळीच पसंत नव्हती. ‘अहवाल लिहिणाऱ्याच्या शर्टाला एक तरी भोक असावं’ असं ते म्हणायचे. उडालेल्या ठिणगीचं भोक, हे इथं पुढच्या रांगेत बसलेल्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको.

आजचा विषय रुक्ष आहे. पोलाद, कोळसा, सिमेंट असल्या अवजड उद्योगांच्या संशोधनासाठी जनतेचा पैसा द्यायचा, तर तो लाल फितीत न गुंडाळता कसा द्यायचा? या विषयावर सहसा लाल फितीला शिव्या देऊन मोकळं व्हायची पद्धत आहे. मी ते करणार नाही, कारण त्या फितीची एक गाठ मी स्वतःही बांधलेली आहे. आधी एक किस्सा सांगतो.

वितळलेल्या पोलादाचं तापमान मोजायला एक टोक लागतं. पुठ्ठ्याची लांब नळी, तिच्या तोंडाशी क्वार्ट्झची बारीक, वाकडी नळी आणि तिच्यात प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या केसासारख्या तारा. दांडीवर हे चढवायचं आणि सोळाशे अंशांच्या रसात बुडवायचं. चार-पाच सेकंदांत आकडा उमटतो आणि टोक संपतं. जळतं, वितळतं, रसात मिसळून जातं. आमच्या प्रयोगशाळेला एका प्रायोगिक भट्टीसाठी सरकारी अनुदान मिळालं होतं. दुसऱ्या वर्षी लेखापरीक्षण झालं आणि आक्षेप आला: प्लॅटिनमसारखा मौल्यवान धातू असलेल्या अमुक इतक्या वस्तू खरेदी केल्या, त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नाही, वापरानंतर त्या परत जमा केल्याचा पुरावा नाही, निर्लेखनाची कार्यवाहीही केलेली नाही.

आपण हसलात. मीही हसलो होतो. मग मी उत्तर लिहिलं, सोबत तांत्रिक माहितीपत्रक जोडलं. ‘उत्तर समाधानकारक नाही’ असा शेरा आला. पुन्हा लिहिलं. दरम्यान, आक्षेप प्रलंबित असताना त्याच वस्तूची नवी खरेदी कशी करायची, असं आमच्याच भांडार विभागानं विचारलं. टोकं संपली. तापमान कळल्याशिवाय प्रयोग करण्यात अर्थ नव्हता. भट्टी दहा आठवडे थंड पडली, आतल्या अस्तराला तडे गेले आणि ते नव्यानं ठोकून बसवायला टोकांच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च आला. त्या खर्चावर मात्र कोणाचाच आक्षेप नव्हता. तीन कोटेशनं घेतली होती ना!

तो लेखापरीक्षक मूर्ख नव्हता, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. तो जिथं बसला होता तिथून दिसत होतं ते एवढंच: प्लॅटिनम आलं आणि नाहीसं झालं. तिथं मी असतो तर मीही तेच विचारलं असतं. तिसऱ्या वर्षी दुसरेच गृहस्थ आले. त्यांना मी चहाआधी भट्टीपाशी नेलं, निळी काच हातात दिली आणि डोळ्यांदेखत एक टोक बुडवून दाखवलं. दांडी बाहेर काढली तेव्हा तोंडाशी काजळलेला पुठ्ठा शिल्लक होता. ते म्हणाले, “अहो, हे तर उदबत्तीसारखं झालं.” आक्षेप तिथंच वगळला गेला.

मला सांगायचं आहे ते या दोन लेखापरीक्षकांमधलं अंतर आहे. नियम दोघांचा एकच होता, रजिस्टरही तेच. कागद किती आहेत यापेक्षा कागद वाचणारा कुठं उभा आहे, यावर सगळं अवलंबून असतं. जगात एका ठिकाणी हे फार पूर्वी ओळखलं गेलं होतं. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स आणि जर्मनी यांनी पुन्हा एकमेकांवर तोफा रोखू नयेत, म्हणून तोफा ज्यापासून होतात तो कोळसा आणि ते पोलादच सामायिक करावं, असा प्रस्ताव फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी ९ मे १९५० रोजी मांडला. त्यामागचं डोकं झाँ मोने यांचं होतं. हे गृहस्थ ब्रँडीच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. त्यामुळे माल, भांडवल आणि सबुरी या तिन्हींची त्यांना जाण असावी, असं मला उगीचच वाटतं. १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेम्बर्ग या सहा देशांनी करार केला. २३ जुलै १९५२ रोजी तो अमलात आला, तोही बरोबर ५० वर्षांसाठी. मुदत करारातच लिहिलेली होती. हाच युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदाय. राजकारणाच्या अंगानं त्याच्यावर कपाटंच्या कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलंय. मला रस आहे तो त्यातल्या दोन-तीन कलमांत.

कलम ४९ आणि ५० म्हणतात की समुदायाची उच्चाधिकार संस्था कोळसा आणि पोलादाच्या उत्पादनावर थेट पट्टी बसवू शकेल, आणि ती सर्वसाधारणपणे उत्पादनाच्या सरासरी मूल्याच्या एका टक्क्याच्या वर जाणार नाही. या पैशाच्या वाटेत कोणत्याही देशाचं अर्थखातं येत नव्हतं. कारखान्यानं टन मोजायचे, ठरलेल्या दरानं रक्कम काढायची आणि उच्चाधिकार संस्थेकडे पाठवायची. एकापेक्षा अधिक राष्ट्रांच्या वर बसलेल्या संस्थेनं उद्योगांकडून थेट वसूल केलेला युरोपातला हा पहिलाच कर. १९५३ च्या जानेवारीत वसुली सुरू झाली.

या पैशाचं करायचं काय, त्याचा एक भाग कलम ५५ मध्ये आहे. कोळसा आणि पोलादाचं उत्पादन, त्यांचा वाढता वापर आणि या उद्योगांतल्या कामगारांची सुरक्षितता यांवरच्या संशोधनाला चालना द्यायची. आणि पुढे एक वाक्य आहे, जे मला मोने यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचं वाटतं: या पैशातून झालेल्या संशोधनाचे निष्कर्ष समुदायातल्या सर्व संबंधितांना उपलब्ध करून द्यावे लागतील.

आता हे चक्र कसं फिरतं ते बघा. पैसा टनामागे कापला जातोय, म्हणजे तो आपल्या खिशातून गेला हे प्रत्येक कारखानदाराला दर महिन्याला कळतं. निष्कर्ष त्यालाही मिळणार आहेत, म्हणजे ‘काय केलं माझ्या पैशाचं?’ हा प्रश्न विचारण्यात त्याचा स्वार्थ आहे. आणि तो प्रश्न विचारणाऱ्याला भट्टीतलं कळतं. अशा माणसापुढे प्रगतीचा अहवाल ठेवायचा असला की दोनशे पानांची गरज पडत नाही. वीस पानं पुरतात, पण त्या वीस पानांत थापा मारता येत नाहीत.

सुरक्षिततेचा उल्लेख ओझरता वाटला असेल, पण चार वर्षांतच त्याची किंमत कळली. ८ ऑगस्ट १९५६, बेल्जियममधलं मार्सिनेल गाव, ब्वा द्यु काझिए ही कोळशाची खाण. सकाळी आठच्या सुमाराला ९७५ मीटर खोलीवर कोळशाची वाघीण पाळण्यात नीट सरकली नाही, निम्मी बाहेर राहिली. वर आणि खाली संकेतांचा घोटाळा झाला आणि पाळणा वर निघाला. बाहेर आलेल्या वाघिणीनं तेलाची नळी, विजेच्या तारा आणि दाबाच्या हवेची नळी, सगळं तोडलं. आग लागली आणि धूर ताज्या हवेच्याच वाटेनं आत गेला. २६२ माणसं मेली. त्यांतले १३६ इटलीहून मजुरीला आलेले होते. त्यानंतर समुदायानं खाणसुरक्षेसाठी कायमची यंत्रणा उभी केली. खाणीतली आग, वायू, कामगारांच्या फुप्फुसांत बसणारी धूळ यांवरच्या संशोधनाला पट्टीतला पैसा मिळत राहिला. ही कामं कोणत्याही एका कंपनीनं आपल्या नफ्यासाठी केली नसती. सार्वजनिक पैसा लागतो तो नेमका अशा जागी.

१९९८ पासून पट्टीचा दर शून्य करण्यात आला, कारण करार संपायचा होता आणि शिल्लक भरपूर होती. २३ जुलै २००२ रोजी पन्नास वर्षं भरली तेव्हा सुमारे १६० कोटी युरो उरले. आपल्याकडे अशा शिलकीचं काय झालं असतं, ते मी सांगत नाही. तिथं ठरलं की हा पैसा कोळसा आणि पोलाद उद्योगांनी दिलेला आहे, तो युरोपीय संघाच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकात मिसळायचा नाही. मुद्दल गुंतवून ठेवायचं आणि व्याजातून संशोधन चालवायचं. ७२.८ टक्के पोलादाला, २७.२ टक्के कोळशाला. एखाद्या देवस्थानाच्या कायमनिधीसारखाच हा प्रकार.

या निधीचं रोजचं काम बघितलं की मला हेवा वाटतो. अर्जाची अखेरची तारीख वर्षानुवर्षं एकच होती, १५ सप्टेंबर. गणेशोत्सवाची तारीख हलते, ही हलायची नाही. त्यामुळे कारखान्यातला माणूस वर्षाआधी ठरवू शकायचा की यंदा मागायचं की पुढच्या खेपेला. संशोधन प्रकल्पाला खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत आणि प्रायोगिक प्रकल्पाला ५० टक्क्यांपर्यंत मदत. उरलेले पैसे तुमचे तुम्ही घाला. या एका अटीनं किती तपासणी वाचते! ज्यानं निम्मा पैसा आपल्या गल्ल्यातून घातलाय तो चारशेचा पंप हजाराला घेत नाही. मग त्याच्याकडून तीन कोटेशनं कशाला मागायची? शिवाय विषयवार तांत्रिक गट असतात: एक कच्चं लोखंड करणाऱ्यांचा, एक ओतणाऱ्यांचा, एक लाटणाऱ्यांचा, असे. प्रकल्पवाल्यांनी या गटापुढे उभं राहून काय झालं, काय फसलं ते सांगायचं. समोर बसलेले सगळे त्याच धंद्यातले. बुडवलेलं टोक परत का आलं नाही, हे तिथं कोणी विचारत नाही. ‘आकडा स्थिर व्हायच्या आत दांडी का काढलीत?’ असं मात्र विचारतात.

एक उदाहरण आपल्याला जवळचं आहे. कमी कार्बन सोडून पोलाद कसं बनवावं, याचा शोध घेण्यासाठी २००४ मध्ये युरोपातल्या १५ देशांतल्या पन्नासेक कंपन्या आणि संस्था एकत्र आल्या. त्यातून नेदरलँड्समधल्या आयमाउडनच्या कारखान्यात ‘हायसार्ना’ नावाची प्रायोगिक भट्टी उभी राहिली. कोक नको, खनिजाचे गोळे भाजायला नकोत. बारीक खनिज वरच्या चक्रवाती भागात वितळतं, खाली रसात थेंब-थेंब पडतं आणि तिथं कोळशाची भुकटी सोडलेली असते. २००७ मध्ये टाटांनी कोरस कंपनी घेतली तेव्हा आयमाउडन टाटांकडे आलं, म्हणजे ही भट्टी टाटांच्या आवारात पेटली. २०११ मध्ये पहिला लोखंडाचा रस निघाला. सांगायचं कारण असं की या भट्टीला पैसा एकदम मिळाला नाही. एक मोहीम, थांबा, काय बिघडलं ते बघा, दुरुस्त करा, पुढची मोहीम, असं वर्षानुवर्षं चाललं, आणि कोळसा-पोलाद निधी तिला हप्त्याहप्त्यानं साथ देत राहिला. याच मंडळींचा दुसरा एक प्रयोग फ्रान्समधल्या फ्लोरांजच्या झोतभट्टीवर व्हायचा होता. त्यासाठी उत्सर्जनाचे परवाने विकून उभारलेल्या एका प्रचंड निधीकडे अर्ज गेला. डिसेंबर २०१२ मध्ये त्या झोतभट्टीच्या मालक कंपनीनं तो मागे घेतला. त्याचं सगळं खापर निधीवर फोडणं अन्यायाचं होईल. बाजारही पडलेला होता. पण मोठी रक्कम एकाच डावावर लावली की हो किंवा नाही एवढंच उरतं. शिकायला जागा राहत नाही.

आता या व्यवस्थेची उणी बाजू. धंद्यातल्याच माणसांनी धंद्याचा निधी वाटायचा म्हणजे जुन्या जाणत्यांचा कट्टा तयार होतो. एकमेकांचे प्रस्ताव एकमेकांनी तपासायचे. आहे त्याच यंत्राला आणखी थोडं तेल घालणाऱ्या संशोधनाला झटकन मंजुरी. यंत्रच बदला म्हणणाऱ्या पोराला मात्र दारात उभं राहावं लागतं. युरोप कोळशाच्या खाणी बंद करत होता, तरीही कोळशाचा २७.२ टक्के वाटा जागचा हलला नाही. पुढे व्याजदर कोसळले तसा व्याजावर जगणारा निधी रोडावला. शेवटी २०२१ मध्ये नियम बदलले: मुद्दलातला काही भाग विकून २०२७ पर्यंत दर वर्षी ११.१ कोटी युरो द्यायचे, आणि कोळशाच्या वाट्यातून खाणी बंद झालेल्या भागांच्या संक्रमणाचं काम करायचं. म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, हे व्रत त्यांनीही मोडलं. मला ते योग्य वाटतं. काही मित्रांना वाटत नाही.

आपल्याकडे या कल्पनेचा मागमूस नव्हता असं मात्र नाही. १९८६ मध्ये संसदेनं संशोधन आणि विकास उपकर कायदा केला. परदेशातून तंत्रज्ञान विकत आणणाऱ्यानं त्यासाठी मोजलेल्या रकमेवर कमाल पाच टक्के उपकर भरायचा आणि त्यातून देशी तंत्रज्ञान उभं करायचं. विचार किती सुरेख! उसनं आणणाऱ्यानं स्वतःचं करायला निघालेल्याला मदत करायची. १९९६ मध्ये तंत्रज्ञान विकास मंडळ स्थापन झालं. प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत सवलतीच्या व्याजानं कर्ज देणारं हे मंडळ, त्याची घडण तशी सुटसुटीत. पण उपकर जमा व्हायचा भारताच्या संचित निधीत. तिथून संसदेच्या मंजुरीनं जेवढं येईल तेवढंच मंडळाच्या पदरात. वर्षं लोटली आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालांत तेच ते पुन्हा लिहिलं जाऊ लागलं: गोळा झालेल्या उपकरातला दहा टक्क्यांहून कमी भाग मंडळापर्यंत पोचला. २०१७ मध्ये वस्तू-सेवा कराच्या तोंडावर हा उपकर रद्द झाला आणि कोणाला फारसं कळलंही नाही.

कोळशाचंही तेच. २०१० मध्ये टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. २०१७ मध्ये तो राज्यांच्या नुकसानभरपाईच्या उपकरात विरघळला. अगदी आमच्या टोकासारखा.

लोकप्रतिनिधींच्या मंजुरीशिवाय जनतेचा पैसा खर्च होऊ नये, हे तत्त्व मला शंभर टक्के मान्य आहे. पण उपकर भरणाऱ्याला आपला पैसा कुठं गेला ते दिसत नसेल, तर तो हिशेब मागणं सोडून देतो. मग हिशेब मागायला उरतो एकटा लेखापरीक्षक. आणि त्याच्यासाठी आपण जे कागद तयार करतो त्यांत रुपये कुठं गेले हे असतं. रुपयांचं काय झालं हे नसतं. उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना बघा. मार्चअखेर किती खर्च झाला, किती शिल्लक, व्याज किती. भट्टी पेटली का, हा रकाना त्यात नाही.

उलट उदाहरण बघायला युरोपात जायलाही नको. ऊस काही पोलाद नव्हे, पण मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेकडे बघा. १९७५ मध्ये ऊस उत्पादकांच्या सहकारी कारखानदारीनं ती उभी केली, आणि ती चालते ती गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखाने देतात त्या वर्गणीवर. शेतकरी तिथल्या बेण्याबद्दल, पाणी परीक्षणाबद्दल हक्कानं तक्रार करतो. ‘आमच्या उसाच्या पैशावर चालता ना?’ असं तोंडावर म्हणतो. ही संस्था निर्दोष आहे असं मी म्हणत नाही आणि तिथल्या राजकारणात शिरायची ही जागाही नव्हे. मला हवाय तो तक्रारीतला तो हक्क.

दिल्लीत काही बरं घडलंय, तेही सांगायला हवं. जून २०२५ मध्ये संशोधन संस्थांच्या खरेदीचे नियम सैल झाले. कोटेशनांशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली, समितीमार्फत खरेदीची दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर, आणि विशिष्ट उपकरणं सरकारी पोर्टलबाहेरून घ्यायची मुभा संस्थाप्रमुखांना मिळाली. माझ्या टोकांना हे तेव्हा लाभलं असतं तर भट्टी थंड झाली नसती. पाठोपाठ एक लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना आली. स्वस्त, दीर्घ मुदतीचं भांडवल द्यायचं, तेही थेट नव्हे तर दुसऱ्या फळीतल्या निधी व्यवस्थापकांमार्फत. रक्कम ऐकून छाती दडपते. माझी भीती वेगळी आहे. निधी व्यवस्थापकाला नफा वाचता येतो, ताळेबंद वाचता येतो. पण पोलाद, सिमेंट, ओतकाम यांत पहिली मोहीम बहुतेक वेळा फसते. फसलेली मोहीम ताळेबंदात तोटा दिसते. तांत्रिक गटात तो धडा असतो. या योजनेतून अवजड उद्योगांना मिळणाऱ्या पैशापुरते तरी असे गट नेमा, एवढंच मी म्हणेन. अर्धी माणसं धंद्यातली, थोडी विद्यापीठातली, एक-दोन मुद्दाम बाहेरची, कट्टा जमू नये म्हणून. वर्षातून दोनदा त्यांनी फाइल नव्हे, भट्टी बघावी. प्रवासखर्च सोडला तर याला फारसा पैसा लागत नाही. आणि लेखापरीक्षकालाही त्यांच्यासोबत जाऊ द्या. उदबत्ती त्यालाही दिसू दे.

आमच्या त्या भट्टीचं पुढे काय झालं, असं मघाशी चहाच्या वेळी एकानं विचारलं. प्रकल्प मुदतीनंतर दीड वर्षानं संपला. अंतिम अहवालाच्या पाच प्रती काढल्या. दोन अनुदान देणाऱ्या कचेरीला गेल्या, दोन ग्रंथालयात आहेत. मध्यंतरी मी जाऊन पाहिलं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. पाचवी प्रत शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्यानं माझ्याकडून मागून नेली, परत द्यायचं कबूल करून. तीन वर्षांनी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा ती मोल्डिंगच्या फलाटाशेजारी, वाळूनं भरलेल्या फळीवर पडली होती. मुखपृष्ठ गेलेलं. अस्तराच्या तड्यांविषयीच्या पानांवर काळे अंगठे उमटलेले आणि समासात पेन्सिलीनं, जरा रागानंच, लिहिलेलं: ‘आमच्यात हे जमलं नाही. तुमचं कसं जमलं?’

मी ती प्रत परत घेतली नाही. त्याच्यासोबत भट्टीकडे गेलो.